त्याचा गुडघा, तिचा खांदा

छत्तीस वर्षं रंगकाम केलेला माणूस पडला तो कुठून? शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवरून. सहा-सहा मजल्यांच्या परांचीवर एका हातात डबा आणि दुसऱ्यात ब्रश घेऊन, वाऱ्याला न जुमानता शीळ घालत उभा राहणारा हा रंगारी. बरोबरचे कारागीर त्याला ‘उस्ताद’ म्हणायचे. त्या दुपारी एका दंतवैद्याच्या दवाखान्याचं छत संपवून तो खाली उतरत होता. नजर मात्र वरच होती, कारण कोपऱ्यातला ब्रशाचा एक फराटा त्याला खटकत होता. जमीन आली असं समजून त्याने पाय टाकला. एक पायरी उरली होती. तोल गेला आणि डावा गुडघा धाडकन फरशीवर बसला. बशी फुटावी तसा आवाज झाला, आणि तो त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला.

“वाटी फुटलीय,” हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून सांगितलं. “तीन तुकडे आहेत.”

“मग आता जोडणार कशाने?”

“तारेने.”

रंगाऱ्याला वाटलं, डॉक्टर चेष्टा करतायत. पण ऑपरेशन झालं, गुडघ्याच्या वाटीला खरोखरच तारेने बांधलं, आणि पाय सहा आठवडे सरळच्या सरळ एका जाड पट्ट्यात गेला. सहा आठवडे हा माणूस घरात पडून राहिला. छताकडे बघत. छत त्यानेच रंगवलेलं होतं, त्यामुळे त्यातही त्याला चुका दिसायच्या.

बायको शाळेच्या ग्रंथालयात कामाला होती. सकाळी त्याचं सगळं आवरून ती जायची, दुपारी यायची, पुन्हा त्याचं आवरायची. बोलणं कमी. रंगाऱ्याचं तिच्याविषयी एकच म्हणणं असायचं, “आमच्या घरात दुखणं-बिखणं कोणाला माहीत नाही. मला नाही, हिला नाही.” हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगायचा, आणि पाय पट्ट्यात असतानाही सांगायचा. त्याच्या लेखी पडणं हा अपघात होता. दुखणं म्हणजे लाड.

सहा आठवड्यांनी पट्टा निघाला आणि डॉक्टरांनी त्याला तळमजल्यावरच्या व्यायामाच्या खोलीत धाडलं. लांबट खोली. रेक्झिनचे चार पलंग, कमरेइतक्या उंचीचे दोन समांतर दांडे, भिंतीत बसवलेली चाकाची दोरी, खुंटीवर रंगीत रबरी पट्टे, आणि एका टोकाला माणूस पुरता दिसेल एवढा आरसा. कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक आजी मनगट मोडून आलेल्या होत्या आणि हिरव्या मातीचा गोळा दाबत बसल्या होत्या. त्या निवृत्त टंकलेखिका होत्या. गोळा दाबताना त्या त्याला शिव्या घालायच्या, पण अगदी सभ्य आवाजात.

“हा रंग कोणी दिलाय?” रंगाऱ्याने आत पाऊल टाकल्या टाकल्या विचारलं. “खिडकीखाली पोपडे आलेत. ओलीवर मारलाय.”

“रंगाचं नंतर बघू, काका,” फिजिओथेरपिस्ट मॅडम म्हणाल्या. पस्तिशीच्या, बुटक्या, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. “आधी पाय बघू.”

त्यांनी पाय उघडा केला आणि रंगाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. उजवी मांडी होती तशीच होती, शिड्या चढून चढून दगडासारखी झालेली. डावी मात्र कोणा दुसऱ्याच माणसाची वाटत होती. बारीक, सैल, त्वचा जणू दोन मापं मोठी शिवलेली.

“सहा आठवड्यांत एवढी?”

“पहिल्या दोन आठवड्यांतच बरीच गेली असेल,” मॅडम म्हणाल्या. “स्नायू फार व्यवहारी असतो. काम नाही म्हटलं की गाशा गुंडाळतो.” त्यांनी टॉवेलची गुंडाळी करून त्याच्या गुडघ्याखाली सरकवली. “आता ह्या टॉवेलला गुडघ्याने खाली दाबा. मांडी आवळा. बस्स, एवढंच.”

रंगाऱ्याला हसू आलं. एवढ्यासाठी इथवर यायचं? त्याने दाबलं. म्हणजे दाबलं असं त्याला वाटलं. दात आवळले, मुठी आवळल्या, कपाळावर शीर उभी राहिली. मांडी जशी होती तशीच पडून राहिली.

“पुन्हा.”

पुन्हा केलं. यावेळी त्याचे खांदे उचलले गेले, हनुवटी वर आली, उजवा पाय ताठ झाला. डावा ढिम्म.

“दुखत नाहीये, मॅडम. दुखत असतं तर समजलं असतं. हे... हे ऐकतच नाहीये.”

“गुडघ्याला मार बसला ना, की शरीर त्या मांडीकडे जाणारा निरोपच तोडून टाकतं. सांध्याला जपण्यासाठी. तुम्ही हुकूम सोडताय, पण तो पोचत नाहीये. रस्ता पुन्हा तयार करायचाय.” त्या हे इतक्या सहज म्हणाल्या, की जणू रोज असे दहा रस्ते तयार करतात. आणि करतच होत्या.

त्या दिवसापासून रोजचं येणं सुरू झालं. बायको ग्रंथालयातून दुपारी सुटली की त्याला घेऊन यायची. मॅडमनी एक छोटं यंत्र आणलं, त्याच्या दोन चिकट चकत्या मांडीवर लावल्या आणि बटण फिरवलं. मुंग्या आल्या, आणि अचानक मांडी उडाली. आपोआप. रंगारी दचकून अर्धा उठून बसला.

“हे मी नाही केलं!”

“नाही. विजेने केलं. पण स्नायू जिवंत आहे, हे बघा. घरात माणूस आहे, फक्त दार उघडत नाहीये.”

आठ दिवस गेले. यंत्र लावलं की मांडी उडायची, काढलं की मेल्यासारखी पडायची. उस्तादाने हातपाय गाळले. छत्तीस वर्षांत ज्या पायांना कधी सांगावं लागलं नाही, त्यांच्यापुढे आता विनवण्या करायची वेळ आली होती. घरी येताना तो बायकोशी बोलायचाही नाही.

नवव्या दिवशी मॅडमनी यंत्र बाजूला ठेवलं. “डोळे मिटा, काका. आधी चांगला पाय. उजवी मांडी आवळा... कसं वाटतंय ते नीट लक्षात घ्या. सोडा. आता दोन्ही एकदम. काकू, तुम्ही इकडे या. ह्यांच्या मांडीवर तळवा ठेवा. वाटीच्या जरा वर, आतल्या बाजूला. काही जाणवलं तर सांगा.”

बायकोने तळवा ठेवला. रंगाऱ्याने डोळे मिटले. खोलीत आजींच्या मातीच्या गोळ्याचा आवाज तेवढा येत होता, मग तोही थांबला. त्याने जोर लावायचं सोडून दिलं होतं. थकूनच म्हणा ना. नुसतं आठवलं, की ती दुसरी मांडी आवळताना कसं वाटलं होतं.

“अहो,” बायको म्हणाली.

त्याने डोळे उघडले. ती त्याच्याकडे बघत नव्हती, स्वतःच्या तळव्याकडे बघत होती.

“हललं. आतून. मासा वळावा तसं.”

“पुन्हा,” मॅडम कुजबुजल्या.

त्याने पुन्हा आठवलं. आता त्यालाही दिसलं. वाटीच्या वर, आतल्या अंगाला, त्वचेखाली एक बारीक लाट उठली आणि विरली. वाऱ्याने पाण्यावर उठते तेवढी. पण ती त्याची होती. विजेची नाही, कोणाची नाही. त्याने मनात काही म्हटलं आणि दोन हात लांबच्या मांसाने ते ऐकलं. आयुष्यभर हे होत आलं होतं, दिवसातून हजार वेळा, आणि त्याला कधी पत्ताच नव्हता. रंगाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

“वा, काका! आजी, बघितलंत का? काकू, टाळी द्या!” मॅडमनी हात उंच केला.

बायकोनेही उजवा हात वर केला. तो छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. मग चटकन खाली गेला, डावा वर आला, आणि तिने हसत डाव्या हाताने टाळी दिली.

मॅडमचा हात मात्र हवेतच राहिला. “काकू, उजवा.”

“अहो, काही नाही त्याचं. ह्यांचं बघा तुम्ही.”

“ह्यांचं झालं आजच्यापुरतं. उजवा हात वर करा पाहू. समोरून. जाईल तेवढा.”

बायकोने नाइलाजाने हात उचलला. खांद्याच्या रेषेपर्यंतही तो पोचेना. पुढे जायच्या ऐवजी तिचा सगळा खांदाच कानाकडे चढला. मॅडमनी तिचं कोपर धरून हळूच बाहेर वळवायचा प्रयत्न केला, आणि बायकोचा श्वास अडकला.

“किती दिवस झाले?”

“झाले असतील...” ती रंगाऱ्याकडे न बघता म्हणाली, “दोन वर्षं होतील. पुस्तकांचं खोकं वरच्या फळीवरून काढताना निसटलं, तेव्हा ओढला गेला. मग दुखायला लागला, म्हणून अंगाशी धरून ठेवला. नंतर दुखणं कमी झालं, पण हात काही वर जाईना. सवय झाली आता.”

“दोन वर्षं?” पलंगावरून रंगारी म्हणाला. “आणि मला...?”

“तुमचं तेव्हा त्या मोठ्या इमारतीचं काम चाललं होतं,” बायको म्हणाली. तिच्या आवाजात राग अजिबात नव्हता, आणि म्हणूनच त्याला ते जास्त लागलं. “आणि तुम्हालाच आवडत नाही ना, कोणी दुखतंय म्हटलेलं.”

कोपऱ्यातून आजी हळूच म्हणाल्या, “घ्या. एकावर एक फुकट.” पण कोणी हसलं नाही, तेव्हा त्या पुन्हा गोळ्याकडे वळल्या.

त्या संध्याकाळी रंगारी कुबड्या घेऊन आपल्याच घरात फिरला. एखादं काम घ्यायच्या आधी भिंती बघत फिरतात, तसा. इतके दिवस तो इथे पडून होता आणि त्याला दिसलं नव्हतं. कपडे वाळत घालायची तार वीतभर खाली आली होती. जुन्या खिळ्याची भोकं वर तशीच होती. आरसा खाली आला होता. डबे वरच्या फळीवरून खालच्या कपाटात गेले होते. दाराची खुंटी खाली आली होती. वरच्या फळीवर धूळ साचली होती, आणि ज्या बाईने आयुष्यात धूळ साचू दिली नाही तिच्या घरात ती दोन वर्षांची होती. कपाटात डोक्यातून घालायचा एकही कपडा नव्हता. सगळे समोरून बटणांचे. सगळं घरच हळूहळू खाली उतरलं होतं, एक-एक वीत, आवाज न करता. आणि तो समजत होता, बायको हौसेने घर बदलतेय. एकदा तर त्याने तिला म्हटलंही होतं, “काय गं, रोज काहीतरी हलवत असतेस!”

तो तारेखाली उभा राहिला. “तू ही खाली घेतलीस कशी? खिळा ठोकायला हात वर करावा लागतो.”

“डाव्या हाताने. स्टुलावर चढून.”

“मला सांगायचं होतंस.”

“खिळा ठोकायला?” ती म्हणाली, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा हसली.

डॉक्टरांनी तिचा खांदा तपासला, फोटो काढला, रक्तातली साखर बघितली. आत काही तुटलेलं नव्हतं. सांध्याभोवतीची पिशवी आकसून घट्ट झाली होती, इतकंच. दुसऱ्या आठवड्यापासून त्या खोलीत दोन पलंग शेजारी-शेजारी लागले. एकावर तो गुडघा वाकवायचा, दुसऱ्यावर ती खांदा शेकत पडायची. मॅडम मधल्या स्टुलावर बसून दोघांना आलटून-पालटून रागवायच्या.

तिला घरी करायचा व्यायाम सोपा होता. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी भिंतीवर चढत जायचं, कोळ्यासारखं. जिथे थांबतील तिथे थांबायचं, मोजायचं, उतरायचं. पहिल्या दिवशी बोटं तिच्या छातीशी थांबली. रंगाऱ्याने पेन्सिल काढली आणि तिथे भिंतीवर रेघ मारली.

“अहो! तुमची भिंत!”

ह्या माणसाने भिंतीला बोट लागलं म्हणून पाहुण्यांना बोल लावले होते. “असू दे,” तो म्हणाला. “भिंत काय, पुन्हा रंगवता येते.”

त्याचं गाडं मात्र सत्तर अंशांवर अडलं. मॅडम दोन पट्ट्यांच्या कोनमापकाने रोज मोजायच्या. सत्तर. बहात्तर. सत्तर. उस्तादाला धीर धरवेना. एका सुट्टीच्या दिवशी, बायको शेजारी गेलेली असताना, तो पलंगाच्या कडेला बसला आणि चांगल्या पायाने वाईट पाय मागे रेटत राहिला. तासाभरात गुडघा खरबुजाएवढा झाला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तो बघितला. बर्फाची पिशवी बांधली, पाय उशांवर उंच ठेवला, मग समोर बसल्या.

“काका, ताज्या रंगावर लगेच दुसरा हात मारला तर काय होतं?”

“खालचा पण निघून येतो,” तो ओशाळून म्हणाला.

“मग?”

त्याने कानाला खडा लावला. आठवडाभर मागे गेलेलं काम पुन्हा बावन्न अंशांपासून सुरू झालं. पण आता तो मोजत बसला नाही. त्याऐवजी शेजारच्या पलंगाकडे बघायला लागला. ती डोळे मिटून पडायची आणि मॅडम तिचा हात अगदी सावकाश, जणू झोपलेल्या बाळाचा असावा तसा वर न्यायच्या. एका ठिकाणी तो अडायचा. मॅडम तिथेच थांबायच्या, रेटायच्या नाहीत. बायको लांब श्वास सोडायची. आणि त्या श्वासाच्या शेवटाला, जेव्हा कोणीच काही करत नसायचं, तेव्हा हात तसूभर पुढे सरकायचा. रंगारी हे रोज बघायचा आणि रोज त्याच्या अंगावर काटा यायचा.

तीन महिने झाले तेव्हा पुन्हा फोटो निघाला. डॉक्टरांनी जुना आणि नवा शेजारी लावले. जुन्यात तीन तुकडे आणि मधल्या काळ्या भेगा स्वच्छ दिसत होत्या. नव्यात तारा होत्या, पण भेगा नव्हत्या. तिथे फिकट पांढरं काहीतरी भरलेलं होतं.

“हे काय भरलंत तुम्ही?” त्याने विचारलं.

“मी काहीच नाही. मी फक्त तुकडे जवळ धरून ठेवले. हे हाड आहे. नवीन.”

रंगारी बराच वेळ त्या फोटोसमोर उभा राहिला. भेगा भरणं हा त्याचा धंदा. पुट्टी कालवायची, पात्याने दाबायची, वाळू द्यायची, पॉलिशपेपर मारायचा; आणि तरी चांगल्या नजरेला जोड दिसतोच. इथे कोणी काही कालवलं नव्हतं. तो पलंगावर पडून छताला नावं ठेवत होता, वैतागत होता, निराश होत होता, आणि तेवढ्या वेळात त्याच्याच आत, अंधारात, कोणीतरी त्याला न विचारता काम करत होतं. भिंतीची भेग भिंतीनेच भरून काढली होती, आणि तीही भिंतीच्याच मालाने. त्याला स्वतःच्या गुडघ्याला हात लावायचीही भीती वाटली. परक्याच्या घरात मोठं काम चाललेलं असताना आपण मध्येच शिरावं, तसं वाटलं.

“डॉक्टर,” तो म्हणाला, “हे सगळ्यांच्यात होतं?”

“जवळजवळ सगळ्यांच्यात.”

“आणि तुम्ही रोज बघता?”

डॉक्टर थांबले. दार उघडून पुढच्या रुग्णाला हाक मारायला निघाले होते ते. “बघतो,” ते म्हणाले. “पण असं उभं राहून बघितलं नव्हतं बऱ्याच दिवसांत.” आणि तेही क्षणभर त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले.

घरातल्या भिंतीवर एव्हाना रेघांची रांग लागली होती. काही आठवडे रेघ तसूभर वर जायची, काही आठवडे एकावर एक बसायची, दोनदा तर खालीही आली. थंडीचे दिवस आले. एका सकाळी शेजारणीने मुलीसाठी विणलेला, पण मापात चुकलेला लोकरीचा स्वेटर बायकोला आणून दिला. बायको ग्रंथालयाच्या गडबडीत होती. तिने स्वेटर घेतला, डोक्यातून घातला, दोन्ही हात वर करून बाह्यांत घातले, खाली ओढला, आणि चष्मा शोधायला लागली.

रंगारी खुर्चीतच थिजला होता.

“काय झालं? असे काय बघताय? उलटा घातला का?”

त्याने नुसता स्वतःचा हात डोक्यावर नेऊन दाखवला. ती बघत राहिली. मग तिने सावकाश स्वतःकडे पाहिलं, स्वेटरकडे, उजव्या बाहीकडे. पुन्हा हात वर नेला. आता मुद्दाम केल्यावर तो कानाच्या वर जाऊन थोडा अडला, दुखलाही. पण गेला. तिने तो तसाच वर ठेवला आणि मान मागे करून आपल्याच बोटांकडे बघत राहिली, जणू ती बोटं फार लांबून आली आहेत.

“मला कळलंच नाही,” ती म्हणाली. “अहो, मला कळलंसुद्धा नाही.”

त्या दिवशी ती ग्रंथालयात पाऊण तास उशिरा पोचली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

मॅडमनी रंगाऱ्याला मोकळं केलं ते त्यानंतर महिन्याने. गुडघा एकशे अठ्ठावीस अंशांत वाकत होता. उकिडवं बसणं जमत नव्हतं आणि कदाचित कधी जमणारही नव्हतं. जिना उतरताना कळ यायची. बायकोला अजून दोन-तीन महिने यायचं होतं. आजींचं मनगट केव्हाच सुटलं होतं, पण त्या गप्पा मारायला येत राहिल्या. निघताना रंगारी मॅडमच्या पाया पडायला वाकला, तशा त्या ओरडल्या, “गुडघा!” आणि सगळी खोली हसली.

बाहेर दुपार होती. बायको म्हणाली, रिक्षा करू. तो म्हणाला, चालू या.

चौकापर्यंत गेले आणि तो थांबला. दुखतंय की काय म्हणून तिने वळून बघितलं. तो रस्त्याकडे बघत होता. समोरून माणसं येत होती. एक बाई बस पकडायला धावली, टाच उचलली, गुडघा वाकला, मांडी आवळली, पाय पुढे पडला, आणि हे सगळं होताना ती फोनवर कोणाशी तरी भांडत होती. एक म्हातारा पायरीवरून उतरला आणि त्याच्या वाटीने तोल सावरून धरला, त्याला न विचारता. कोणी पिशवी खांद्यावर टाकली, कोणी उंच खिडकीची काच पुसायला हात वर केला. शेकडो माणसं. प्रत्येकाच्या आत निरोप जात होते आणि पोचत होते, भेगा पडत होत्या आणि भरत होत्या, आणि एकाही माणसाच्या चेहऱ्यावर त्याचं आश्चर्य नव्हतं.

“बघ गं,” तो म्हणाला. “चालतायत सगळे.”

“मग काय करतील?”

“नाही, पण बघ ना.”

ती त्याच्या शेजारी उभी राहिली आणि बघायला लागली. मग तिने त्याला कोपराने ढोसलं.

“चला आता. बायकांच्या पायांकडे टक लावून बघताय. लोक काय म्हणतील!”

रंगारी हसला, पण नजर काढून घ्यायला त्याला आणखी दोन मिनिटं लागली. मग दोघं निघाले, सावकाश, त्याच्या गुडघ्याला जमेल त्या चालीने.